मायक्रॉनवाले काळोखेमामा

काळोखेमामांची आणि माझी ओळख माझ्या एका केसावरून झाली.

तळवड्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत माझा तो पहिला दिवस होता. मी दाराशी हजेरीच्या वहीत सही करत होते. शेजारी साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, खिशाला दोन पेनं आणि एक मळकट रेक्झिनची डबी. त्यांनी माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं.

"ताई, केस पडलाय तुमचा. नको आसंल तर घेऊ का?"

मी काही म्हणायच्या आत त्यांनी तो चिमटीत उचलला, डबीतून मायक्रोमीटर काढला, केस त्याच्या जबड्यात धरला आणि मागची खुंटी कर्र कर्र फिरवली. मग चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला.

"बासष्ट मायक्रॉन. पातळ हाय. गाव कुठलं?"

"लातूर."

"तरीच. पाणी जड तिकडलं. तेल लावत जा."

एवढं बोलून ते आत निघून गेले. मी जीवशास्त्रात डॉक्टरेट करून आले होते. तिथं माझं पहिलं मूल्यमापन असं झालं.

पुढे कळलं, की प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाचा केस मामांनी मापलेला आहे. फक्त आमचे प्रमुख, पेठकर सर, त्यातून सुटले होते. "हायेत तेवढे ऱ्हाऊ द्या त्यांच्याकडं," असं मामा म्हणायचे. केस ही मामांची ओळख करून घ्यायची रीत होती. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे ते नव्या माणसाला अशा थाटात सांगत, जणू तो त्यांनीच कापून वेगळा काढलाय.

चाकणच्या कारखान्यात तेहतीस वर्षं ते टूलरूममध्ये होते. गाड्यांचे भाग ज्या साच्यांतून निघतात ते साचे बनवणं आणि दुरुस्त करणं हे त्यांचं काम. तिथल्या सवयी त्यांनी निवृत्तीबरोबर कारखान्यात ठेवून यायच्या, त्याऐवजी सगळ्या सोबत आणल्या होत्या. डबा देणाऱ्या मंदाताईंची चपाती त्यांनी एकदा चार जागी मापली आणि जाहीर केलं, की एका अंगाला ती दीड पट जाड आहे. मंदाताई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मामांनी त्यांचं लाटणं मागून नेलं, ओळखीच्या गाळ्यावर लेथला लावलं आणि सरळ करून आणलं. "चूक तुमच्या हाताची न्हवती मंदाताई, लाटण्याची व्हती," म्हणाले. तेव्हापासून मामांच्या डब्यात भाजी जरा जास्त असते.

"मापात हाय का?" हा त्यांचा सदाचा प्रश्न. ऊन मापात असायचं, चहातली साखर मापात नसायची, सरांचं सोमवारचं भाषण तर कायमच मापाबाहेर.

आता असा माणूस जनुकांच्या प्रयोगशाळेत कसा आला, हे सांगायला हवं.

आमचं काम थोडक्यात असं. काही आजार एखादं जनुक बिघडल्यामुळे होतात. चांगलं जनुक पेशीच्या आत पोचवता आलं तर आजार मुळातूनच हटू शकतो. पण पेशी कुणालाही आत घेत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूची मदत घेतली. विषाणूला आत घुसण्याची कला येते. त्याचं स्वतःचं सामान काढून घ्यायचं, चांगलं जनुक भरायचं आणि पाठवून द्यायचं. हा मार्ग चालतो, पण शरीर विषाणूला ओळखून ठेवतं आणि पुढच्या वेळी अडवतं. पेठकर सरांना विषाणूशिवायचा रस्ता हवा होता. जनुकाभोवती स्निग्ध पदार्थाचा बारीक थेंब गुंडाळायचा. पेशीचं आवरणही स्निग्धच असतं, त्यामुळे ती अशा थेंबाला सहज आत घेते.

हे थेंब बनवायला एक चकती लागते. तिच्यात केसापेक्षा थोड्याच रुंद अशा दोन खाचा. एकीतून स्पिरिटात विरघळलेले स्निग्ध पदार्थ येतात, दुसरीतून पाण्यातलं जनुक. दोन्ही एकत्र येतात आणि पापणी लवायच्या आत थेंब तयार. खाच जराशी कमीजास्त झाली, की थेंब लहानमोठे होतात आणि सगळं वाया. परदेशी चकत्या सारख्या तुंबत होत्या. म्हणून सर एका दुपारी चकतीच्या आराखड्याचा कागद घेऊन तळवड्यातल्या गाळ्यांतून फिरत होते. एवढी बारीक खाच पाडून देणारा कुणी भेटतो का, ते बघत होते. दोघांनी हसून वाटेला लावलं. तिसऱ्या गाळ्यात मालकाच्या बाकावर काळोखेमामा चहा पीत बसले होते.

त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. "जमंल. पन कशापायी पायजे?"

सरांनी आजवर गुंतवणूकदारांनाही समजावलं नसेल, इतकं नीट त्यांनी त्या बाकावर बसून सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आधी लोकांनी चोराला पोष्टमन केला. आन तुमी म्हनता, चोर नको, साधा पोष्टमनच धाडू."

सर आजही परिषदांमध्ये हे वाक्य इंग्रजीत सांगतात. कुणाचं ते सांगत नाहीत.

मामा महिन्याभरात आमच्याकडे कामाला लागले. निर्जंतुक खोलीत जाताना टोपी काढायची की नाही यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी टोपीवरून जाळीची टोपी, आणि तिच्यावरून झगा, अशी तडजोड निघाली. आमचे चार स्निग्ध पदार्थ त्यांच्या लेखी "चार जातीचं तूप" होते. त्यांची रासायनिक नावं मी एकदा सांगितली, तेव्हा त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "तुपाला येवढं नाव ठेवलं तर भाकरीवर घ्यायचं कवा?"

पण खरा पेच नॅनोमीटरवरून झाला. आमचे थेंब ऐंशी नॅनोमीटरच्या आसपास हवे होते. मामांना मी सांगितलं, तुमचा मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर. तेहतीस वर्षं ज्याच्या खाली काही नाही असं ते धरून चालले होते, त्याच्या खाली मी एक तळघर दाखवलं होतं.

"माझ्या एका केसाच्या रुंदीत असे आठशे थेंब शेजारी शेजारी बसतील," मी म्हटलं.

"बसतील. पन मोजलं कुनी?"

थेंब मोजणारं यंत्र आमच्याकडे होतं. लेझरचा झोत टाकून ते थेंबांचा आकार सांगतं. त्याला वातानुकूलित खोली, स्वतंत्र विजेची सोय आणि वर धूळ बसू नये म्हणून आच्छादन. मामांनी त्याचं नाव "जावई" ठेवलं. रोज सकाळी दारातून डोकावून विचारायचे, "जावई उठले का? आज काय म्हनत्यात?" जावयाने आकडा सांगितला, की मामा मान हलवायचे. "त्यो म्हनतो म्हनून. आपन कुटं बघितलंय?"

मामांची पहिली चकती महिनाभरात तयार झाली. खाली पोलादाची पट्टी, वर काचेसारखं दिसणारं प्लॅस्टिकचं झाकण, मधे खाचा. इतकी सुंदर, की मी ती उन्हात धरून बघत राहिले. जावयाने मात्र नापास केली. थेंब काही सत्तरचे, काही तीनशेचे. दुसरी चकती केली, तीही नापास. तिसरीही.

त्याच वेळी पेठकर सरांनी आम्हाला सगळ्यांना बसवून सांगितलं, की एका औषध कंपनीचे लोक महिनाअखेरीस येणार आहेत. त्यांना कामात दम दिसला तर पुढची दोन वर्षं चालतील. नाहीतर ही जागा सोडावी लागेल. मी लातुरातली प्राध्यापकी सोडून आले होते. मंदाताईंचा डबा आमच्यावरच अवलंबून होता. त्या दिवशी कुणी फारसं जेवलं नाही.

मामा मात्र जेवले. मग तिन्ही चकत्या, त्यांची झाकणं आणि स्क्रू एका ताटात काढून घेतले आणि खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिले. दुपारी मी गेले तर तिथेच. संध्याकाळी गेले तर तिथेच.

"मामा, काय बघताय?"

"ताई, ह्या खोलीत किती गारवा आसतो?"

"बावीस अंश."

"आन मी काम करतो त्या गाळ्यावर पत्रा हाय. उनाचा चाळीसला जातो. मी झाकन आवळतो चाळीसला, आन तुमी वापरता बावीसला. पोलाद थोडं आकसतं, पन ह्ये प्लॅस्टिक लई आकसतं. दोगांचं पटंना झालंय." ते स्वतःवरच चिडले होते. "टूलरूममधी पोरगा आला, की पैला धडा ह्योच देतो आमी. माल आन माप एका खोलीत मुक्कामाला ऱ्हायला पायजे, मगच हात लावायचा. आन मीच इसरलो. एसीची सवय न्हाई, त्येच्यामुळं."

दुसऱ्या दिवशी चौथी चकती आली, ती सुटी सुटी. पट्टी, झाकण, स्क्रू, पाना, सगळं मामांनी आमच्या खोलीत टेबलावर मांडलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. "चोवीस तास मुक्काम करू द्या त्यास्नी. पावनी हायेत." सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि दिवस मोजले. पुढच्या दिवशी मामांनी तिथंच, स्वेटर घालून, एकेक स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने थोडाथोडा आवळत झाकण बसवलं. त्याला पाऊण तास लागला. मी दोन्ही बाजूंनी द्रव सोडले. खालच्या नळीतून दुधाळ निळसर झाक असलेलं पाणी आलं.

जावयाने सांगितलं, ब्याऐंशी. पुन्हा मोजलं, ब्याऐंशी. आलेखावर एकच उंच, बारीक शिखर.

सर खुर्चीत बसले. मामांनी विचारलं, "मापात हाय का?"

"हो मामा."

"बरं झालं," म्हणाले आणि स्वेटर काढून चहाला गेले.

पण आकार म्हणजे सगळं नव्हे. जनुक आत पोचतं का, हे बघायचं होतं. चाचणीसाठी आम्ही असं जनुक घेतो, की ते पोचलं तर पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. यकृताच्या पेशींवर आम्ही ते थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंधाऱ्या खोलीत मी भिंगाला डोळा लावला, आणि समोर हिरव्या ठिपक्यांची दाटी. मी सरांना बोलावलं, बाकीच्यांना बोलावलं आणि शेवटी मामांना.

मामा वाकले. चष्मा वर, चष्मा खाली, असं दोनतीनदा केलं. मग बराच वेळ हलले नाहीत.

"ह्ये सगळे जिते हायेत?"

"बहुतेक सगळ्या जिवंत आहेत."

"आन आतलं जनुक काम करतंय, म्हनून उजेड पडलाय?"

"हो."

त्यांनी आणखी थोडा वेळ बघितलं. "ह्येचा फोटू मिळंल का, ताई? घरी दाखवायला."

प्रयोगशाळेतली चित्रं बाहेर द्यायची नाहीत, असा नियम आहे. सरांनी नियम ऐकवला आणि लगेच स्वतःच संगणकावर बसून एक प्रत छापली. पण ती छापून होईपर्यंत मामा निघून गेले होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते वेळेआधी घरी गेले.

दुसरा दिवस शनिवार, सुट्टीचा. फोटो द्यायचा म्हणून मी दुपारी स्कूटर काढली आणि पत्ता विचारत जुन्या गावठाणात त्यांच्या घरी पोचले. मोठ्या इमारतींच्या पाठीमागे दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे तुळस. मामा बाजारात गेले होते. दार उघडलं ते कुबड्या घेतलेल्या, पन्नाशीच्या हसऱ्या माणसाने.

"तुमी लातूरच्या ताई. बासष्ट मायक्रॉन," तो म्हणाला. "मी दत्तू. दादाचा धाकटा भाऊ. या, बसा."

मी बसले, आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं, की त्या घराला कुठे कोपराच नाही. टेबलाच्या कडा गोल. ओट्याच्या फरशीची कड गोल. उंबरठा, पलंगाचे पाय, लोखंडी कपाटाची दारं, खिडकीचे गज, सगळं घासून गुळगुळीत केलेलं. पाण्याचा तांब्या हातात घेतला, तर त्याची कडसुद्धा बोटाला लागत नव्हती.

दत्तूभाऊंनी माझी नजर पाहिली. "सगळ्याला कानस मारलीय त्यानं. माजं रगात थांबत न्हाई ना. जल्मापासून. जरा लागलं की सांध्यात उतरतं, म्हनून ह्ये गुडघे आसे. कंपनीतनं आला की रोज कायतरी घासत बसायचा. टीव्हीच्या रिमोटलाबी सोडला न्हाई."

हिमोफिलिया. आमचे थेंब शेवटी ज्या आजारांसाठी होते, त्यांत हा पहिला होता. मामा इतके महिने माझ्या शेजारी बसून डबा खात होते, आणि एका शब्दाने बोलले नव्हते.

"आता सरकारी दवाखान्यात सुई मिळती, तसं बरं चाललंय," दत्तूभाऊ सांगत होते. "मधी एका मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचनी व्हती. विषानूवाली. दादानं मला रिक्षात घालून नेला. रगात तपासून म्हनले, तुमच्या अंगाला ह्या विषानूची वळख आधीच हाय, तुमाला चालनार न्हाई. दादा डागदरला म्हनला, मंग विषानू नसलेलं बनवा. डागदर हासला. म्हनला, बनवत्यात कुटंकुटं. मंग चारसा महिन्यांनी त्या गाळ्यावर तुमचे सर आले."

मी विचारू नये ते विचारलं. "मामांनी लग्न नाही केलं?"

"एक ठिकान बघायला गेल्ता. मुलीच्या बापानं इचारलं, घरी कोन कोन. ह्यानं तासभर माजंच सांगितलं. गुडघा कवा सुजला, बरफ कसा लावायचा. त्या लोकांना वाटलं, रोग घरात हाय, पोरांना व्हनार."

मामांना स्वतःला तो आजार नाही, म्हणजे त्यांच्या मुलांना त्यांच्याकडून तो आलाच नसता. हे मला माहीत होतं. मी तांब्याकडे बघत राहिले.

"म्हाईत हाय आमाला," दत्तूभाऊ हळूच म्हणाले. "डागदरनं मागनं सांगितलं. तवर ती मुलगी दोन लेकरांची आई झाल्ती. दादा म्हनला, जाऊ दे, तिला आपल्या घरात चिरायला इळीबी घावली नसती."

मी फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. "गुलालागत उधळलंय की. हिरवा गुलाल." मग फोटो मांडीवर ठेवून म्हणाले, "ताई, हे औषध व्हऊन मानसाला मिळेस्तोवर लई वरसं जातील, व्हय ना? मला समजतं. मी पेपर वाचतो. पन दादाला येवढ्यात बोलू नका. त्यो आशेवर हाय."

मी बरं म्हटलं.

तेवढ्यात मामा भाजीची पिशवी घेऊन आले. मला बघून थोडे संकोचले, मग फोटो बघून खुलले. भावाला समजावून सांगू लागले, हे तूप, हे जनुक, हा उजेड. दत्तूभाऊ पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे मान डोलवत होते. चहा झाला. मी निघाले तेव्हा मामा स्कूटरपर्यंत आले.

"ताई, खरं सांगा. किती वरसं?"

मघाशी दिलेला शब्द आठवला. पण मापाच्या माणसाला खोटं माप सांगणं मला जमेना. "सगळं नीट झालं तर दहाबारा. कदाचित पंधरा."

त्यांनी मनाशी बेरीज केली. "दत्तू तवा पासष्टीला टेकल. आन मी..." पुढचा आकडा त्यांनी सोडून दिला. चेहरा मात्र पडला नाही. "माजा आंदाज आसाच व्हता. दत्तूला नका बोलू. त्यो लई आस लावून बसलाय."

"नाही बोलत."

"आन त्याला न्हाई तर दुसऱ्या कुनाच्या भावाला मिळंल. कुटंतरी लेकरू खेळताना पडंल आन उठून पुन्ना पळंल. तेबी चालंल की." त्यांनी माझ्या स्कूटरचा आरसा सरळ करून दिला. "सोमवारी मी लवकर येतो. कंपनीवाले यायच्या आत पाचवी चकती मुक्कामाला ठेवायचीय."

आतून दत्तूभाऊंची हाक आली. पिशवीतली मेथी त्यांना निवडायची होती आणि जुडीचा दोरा सुटत नव्हता. "तसाच ठिव, मी आलो," म्हणत मामा चपला काढून आत गेले. मी स्कूटर सुरू केली, तेव्हा दोघे भाऊ खिडकीपाशी समोरासमोर बसून मेथी निवडत होते आणि काड्या किती जाड ठेवायच्या यावर त्यांचा वाद चालला होता.